विधवांची बस आणि लाल डिझेल

व्हर्लिन ऑस्टरगार्ड निवृत्त झाला त्याच आठवड्यात पेट्रोल की डिझेल हा प्रश्न त्याच्या घरात शिरला, आणि दोन हिवाळे उलटून गेले तरी हलायचं नाव घेत नव्हता.

खरं तर प्रश्न साधा. नेब्रास्कातली माणसं निवृत्त झाली की मोटरहोम घेतात, म्हणजे चाकांवरचं घर, आणि थंडी संपली की त्यात भांडीकुंडी भरून निघतात. पेट्रोलचं घ्या नाहीतर डिझेलचं, दोन्ही रस्त्यानेच जातात. पण व्हर्लिन हा जिल्ह्याचा तण-अधिकारी होता. या पदाला कुणी हसत असेल तर त्याने ते व्हर्लिनच्या माघारी हसावं. कुणाच्या शेताच्या कडेला जांभळ्या बोंडांचं काटेरी तण दिसलं की मालकाला नोटीस द्यायची, मुदतीत उपटलं नाही तर सरकारी फवारा मारून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, हे त्याचं काम. उभी हयात त्याने एकट्याने पिकअप गाडीत बसून, रस्त्याकडेच्या चरावर नजर ठेवून काढली. जिल्ह्यात असं घर नव्हतं ज्याला त्याची नोटीस गेली नव्हती. लोक त्याला वचकून होते, आणि तो याला आदर समजत होता.

असा माणूस घाईने गाडी घेत नाही. तो अभ्यास करतो.

आर्डिस, त्याची बायको, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. हळूहळू तिचा डावा कान गेला, मग गाणाऱ्यांचा सूर एकीकडे आणि ऑर्गन दुसरीकडे जाऊ लागला, तेव्हा तिने कुणी सांगायच्या आत बाक सोडला. डॉक्टरांनी सांगितलं की उजवाही त्याच वाटेवर आहे. घरी येऊन तिने कॉफी केली आणि व्हर्लिनला समोर बसवलं.

"मला डोंगर बघायचे नाहीत आणि समुद्रही बघायचा नाही," ती म्हणाली. "वाटेत लागले तर बघू. मला तुझ्याशेजारी बसायचंय. लग्न झालं तेव्हापासून तू बाहेर आहेस, आणि घरात असलास की गॅरेजात आहेस. त्या चाकांवरच्या घराला गॅरेज नसतं. काय बोलायचं असेल ते माझा एक कान शाबूत आहे तोवर बोल. नंतर काय, भिंतीशी बोललास तरी चालेल."

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याचे डोळे भरून आले असते. व्हर्लिनचेही आले, म्हणून तो उठून गॅरेजमध्ये गेला. तिथे त्याने ठरवलं की हा विषय मुळापासून समजून घ्यायचा, आणि मूळ म्हणजे इंजिन.

शेजारी लायल ब्रांट राहायचा. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे वाहन या विषयावर आपलाच शब्द अखेरचा, असं त्याचं मत होतं. तो पेट्रोलवाला. गावाबाहेर एमिल कुचेराची मक्याची शेती होती. तो डिझेलवाला. सकाळी तिघं धान्य सोसायटीच्या टेबलावर भेटत, चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवून कॉफी कुणाच्या नावावर ते ठरवत, आणि मग व्हर्लिनच्या भवितव्याला हात घालत.

"पेट्रोल घे," लायल म्हणायचा. "कुठल्याही आडगावात बंद पडलं तरी कुठलाही पोरगा झाकण उघडून चालू करून देतो. डिझेलला मोठ्या शहराचा डॉक्टर लागतो."

"बंद पडतं ते पेट्रोल," एमिल म्हणायचा. "डिझेल बंदच पडत नाही तर डॉक्टर हवा कशाला? आणि वायोमिंगच्या चढावर तुझं पेट्रोल काय करतं माहितीय? धापा टाकतं. मागे ट्रकांची रांग लागते आणि ते लोक तुझ्या आईचा उद्धार करतात."

"डिझेलचा वास येतो."

"तुलाही येतो. आम्ही तुला टेबलावरून उठवलंय का?"

मग विषय इंजिनाच्या जागेवर जायचा. मोठ्या डिझेलवाल्यात इंजिन पार मागे, पलंगाच्या खाली असतं. पेट्रोलवाल्यात ते पुढे, दोन सीटच्या मधोमध, एका झाकणाखाली.

"थंडीत पाय शेकतात," लायल म्हणाला.

"आणि शेजारी बसलेल्या बायकोचा एक शब्द ऐकू येत नाही," एमिल म्हणाला.

"हा गुण की दोष, ते ज्याचं त्याने ठरवावं," लायल म्हणाला आणि सगळं टेबल हसलं. व्हर्लिन हसला नाही. त्याला आर्डिसचं म्हणणं आठवलं, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडी भीतीच वाटली. गाडीच्या पुढच्या भागात शांतता असेल, बायको बाजूला असेल, आणि आपल्याजवळ बोलायला काहीच नसेल, तर? रस्ता तर संपता संपत नाही. तणावर तो किती बोलणार? हे तो कुणाला बोलला नाही. त्याने फक्त पेट्रोलच्या बाजूने दोन नवे मुद्दे काढले.

अशात चर्चचं हिवाळी जेवण आलं. आमच्याकडे त्या जेवणाला तिखट राजम्याचा रस्सा आणि त्याच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल असतो, आणि ही जोडी ज्याला विचित्र वाटते त्याला आम्ही परका समजतो. दाराशी एका टेबलावर ईस्टरनंतरच्या सहलीची नावनोंदणी चालली होती. चर्चने तिला ज्येष्ठांची सहल असं नाव दिलं होतं. गावात तिला विधवांची बस म्हणत, कारण नवरे जिवंत असेपर्यंत नाही नाही म्हणत आणि ते गेल्यावर बायका निघत. बस ओरेगॉनच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येणार होती.

टेबलामागे जोलीन बसली होती. ती नगरपालिकेचीही कारकून आणि चर्चचीही. आर्डिसने आपलं नाव सांगितलं. जोलीनचं पेन थांबलं.

"आर्डिस, पण तुझा व्हर्लिन तर..." ती म्हणाली आणि तिने खोलीच्या मधोमध रोल हातात धरून उभ्या असलेल्या व्हर्लिनकडे पाहिलं.

"आहे की," आर्डिस म्हणाली. "पण तो अजून ठरवतोय. लिही माझं नाव."

व्हर्लिनने तो रोल पुरा खाल्ला, कारण अर्धा टाकला असता तर लोकांनी त्यावरही चर्चा केली असती. घरी जाताना पिकअपमध्ये तो म्हणाला, "तू माझ्या जिवंतपणी विधवा झालीस." आर्डिस उजवीकडच्या काचेतून बाहेर बघत राहिली. हे नेहमीचंच होतं. त्याने काही म्हटलं की ती बाहेर बघायची, म्हणून वर्षं झाली, त्याने गाडीत बोलणं सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या टेबलावर फाशांना कुणी हात लावला नाही.

"बायको विधवांच्या बसमध्ये, आणि नवरा अजून इंजिनात," एमिल म्हणाला. "लेका, ईस्टरला किती दिवस राहिलेत बघ तरी."

म्हणून व्हर्लिनने कृती केली. शहरातल्या विक्रेत्याशी बोलून त्याने ठरवलं की आधी पेट्रोलचं आणि मग डिझेलचं, अशी दोन्ही मोटरहोम चार-चार दिवस वापरून बघायची. माणसाने स्वतः अनुभव घेऊन निर्णय घ्यावा, असं तो आर्डिसला म्हणाला. ती म्हणाली, "बसचे पैसे मी परत मागितलेले नाहीत, एवढं लक्षात ठेव."

पेट्रोलचं घर आलं. व्हर्लिन डावीकडे स्टिअरिंगच्या चाकामागे, आर्डिस उजवीकडे, आणि मधोमध झाकणाखाली ते इंजिन. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मोकळ्या माळावर आडवा वारा लागला, गाडी डुलू लागली, व्हर्लिनने जोर दिला आणि इंजिनाने असा गजर सुरू केला की कपाटातल्या बशा उत्तर देऊ लागल्या. व्हर्लिनने ओरडून हवेबद्दल सांगितलं. आर्डिसने मान डोलावली. त्याने ओरडून विचारलं की तिला थंडी वाजतेय का, तिने मान डोलावली. गरम होतंय का? तिने पुन्हा मान डोलावली. तो मनातून सुखावला. जन्मात इतकं एकमत त्यांचं झालं नव्हतं. घरी परतताना त्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याने लायलच्या पत्रपेटीला खांबासकट आडवं केलं, आणि लायल पेटीपाशी उभा राहून गंभीरपणे म्हणाला, "पण पेट्रोल आहे, पळतं कसं बघ."

गाडी घरासमोर रस्त्यावर उभी राहिली. एक रात्र गेली आणि दाराला पिवळा कागद चिकटला. निवासी रस्त्यावर असलं वाहन रात्रभर उभं करणं नियमाविरुद्ध आहे, ते त्वरित हलवावं. खाली जोलीनची सही होती. व्हर्लिनने तो कागद तीनदा वाचला. नोटीस देण्याची कला त्याला ठाऊक होती, आणि ही नोटीस निर्दोष होती, हेच त्याला जास्त लागलं. तो नगरपालिकेत गेला.

"जोलीन, ही गाडी मी विकत घेतलेली नाही. नमुना म्हणून आणलीय."

"नियमात नमुन्याला सूट नाही, व्हर्लिन."

"मला या नियमाची कल्पना नव्हती."

जोलीनने चष्मा काढला. "माझ्या आईने दारात जांभळी फुलं लावली होती. तुला आठवतंय? तिला वाटलं, छान दिसतात. तू नोटीस दिलीस की हे तण आहे, मुळासकट काढा. ती रडत म्हणाली, मला माहीत नव्हतं. तू काय म्हणालास?"

व्हर्लिनला आठवत होतं. तो म्हणाला होता, माहीत करून घेणं तुमचं काम. त्याने टोपी घातली आणि गाडी हलवायला गेला.

डिझेलचं घर आलं तेव्हा ते गावात आणायची सोयच नव्हती, म्हणून एमिलने आपलं अंगण देऊ केलं. "धान्याच्या कोठीशेजारी लाव," तो म्हणाला. "माझ्याकडे नोटीस चिकटवायला दार नाही, सगळे पत्रेच आहेत." विक्रेत्याने ते जेमतेम पाव टाकीवर दिलं होतं. परत करताना टाकी भरून द्यायची ही आमच्याकडची रीत आहे, मग ते मोटरहोम असो नाहीतर गवत कापायचं यंत्र. पंपावर जायचं व्हर्लिनच्या डोक्यात होतं. पण शनिवारी सकाळी तो आणि आर्डिस एमिलच्या अंगणात पोचले, गाडी चालू केली, तर काटा टाकी भरलेली दाखवत होता. व्हर्लिनने काट्यावर टिचकी मारली. काटा हलला नाही. आणलं त्या दिवशी आपलं वाचण्यात चुकलं असणार, असं त्याने धरलं, आणि डिझेलच्या काटकसरीबद्दल त्याच्या मनात प्रथमच थोडा आदर उत्पन्न झाला.

डिझेल खरंच शांत होतं. इंजिन कुठेतरी मागे, दुसऱ्याच्या घरात असल्यासारखं घुमत होतं. पुढे फक्त वारा, आणि काचेबाहेर मक्याची धसकटं. आता व्हर्लिनला सबब उरली नव्हती. त्याने घसा साफ केला. गाव मागे पडलं, दोन पाणटाक्या मागे पडल्या, गुरांचं एक आवार मागे पडलं, आणि मग त्याने समोर बघत, हळू आवाजात, आयुष्यात कुणाला केली नव्हती अशी विनवणी केली.

"आर्डिस, त्या बसने जाऊ नकोस."

आर्डिस उजवीकडच्या काचेतून एका गिधाडाकडे बघत होती. ती बघतच राहिली.

व्हर्लिनने पुन्हा विचारलं नाही. जिला नोटीस मिळाली आणि जिने उत्तर दिलं नाही तिचं म्हणणं काय ते उघड असतं, हा त्याचा जन्माचा अनुभव. तो मनात म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे तिला त्या बायकांबरोबर, त्यांच्याशी तरी ती बोलेल. पेट्रोल की डिझेल हा प्रश्न त्या क्षणी सुटला, म्हणजे कुठलंच नको.

पुढच्या वळणावर गुरांचा बाजार होता, आणि बाजारापाशी परिवहन खात्याची तपासणी. मक्याचे आणि गुरांचे ट्रक बाजूला घेत होते. एका उंच निरीक्षकाने मोटरहोमलाही हात केला. व्हर्लिन उतरून मागे गेला.

"टाकीत काय आहे?"

"डिझेल."

"कुठलं?"

"डिझेलसारखं डिझेल," व्हर्लिन म्हणाला. सरकारी माणसाने सरकारी माणसाला असं विचारावं याचं त्याला वाईट वाटलं होतं.

निरीक्षकाने काचेची लांब नळी टाकीत सोडली आणि उन्हात धरली. नळीतलं डिझेल चेरीच्या सरबतासारखं लालभडक होतं.

व्हर्लिनला सांगायची गरज नव्हती. शेतीच्या डिझेलला रस्त्याचा कर नसतो, म्हणून सरकार त्यात लाल रंग घालतं, आणि ते रस्त्यावरच्या गाडीत सापडलं की दंड होतो. एमिलच्या कोठीशेजारी असल्याच डिझेलचं एक टाकं होतं. एमिलने पाहुण्या गाडीची टाकी जवळजवळ रिकामी पाहिली आणि न बोलता, न सांगता, प्रेमाने काठोकाठ भरून दिली होती.

"मला माहीत नव्हतं," व्हर्लिन म्हणाला, आणि ते शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून त्याने टोपी काढली.

"सगळे तेच म्हणतात," निरीक्षक म्हणाला. "कुणी भरलं?"

रस्त्यावरून पिकअप गाड्या हळू होत होत्या. जिल्ह्यातले शेतकरी, एकूण एक त्याच्या नोटिशी घेतलेले. रीतीप्रमाणे प्रत्येकाने चाकावरून दोन बोटं उचलून सलाम केला. आज त्यांना वेळ होता. एकाने तर वळून पुन्हा फेरी मारली. एमिलचं नाव घेतलं असतं तर निरीक्षक दुपारी त्याच्या टाक्यापाशी उभा राहिला असता.

"मी," व्हर्लिन म्हणाला. "मीच भरलं."

दंडाची पावती लिहून होत होती तोवर मागे गुरांचा लांबलचक ट्रक येऊन ठेपला आणि भोंगा वाजवू लागला. निरीक्षकाने पुढे जाऊन आर्डिसला हाताने खूण केली, गाडी थोडी पुढे घ्या. आर्डिस शेतावर वाढलेली, पोरवयात धान्याचे ट्रक हाकलेली. ती सरकून चाकामागे बसली आणि तिने ते धूड कडेच्या खांबांमधून अलगद पुढे नेऊन उभं केलं.

"दंड झाला, म्हणजे आत आहे तेवढं गाडी चालवून जाळून टाका," निरीक्षक पावती देत म्हणाला. "टाकी संपली की मात्र पंपावरचंच भरायचं."

व्हर्लिन चालत गेला. मोटरहोमचं दार उजव्या बाजूला असतं. तो आत चढला तर आर्डिस डावीकडे चाकामागे होती. ऊठ म्हणायचं त्राण त्याच्यात नव्हतं. उजवीकडच्या सीटवर तो जन्मात कधी बसला नव्हता, तिथे तो बसला, टोपी मांडीवर ठेवली, आणि तिने गाडी वळवून परत गावाच्या रस्त्याला घेतल्यावर स्वतःशीच पुटपुटला, "गेली सगळी अब्रू."

"थोडी गेली," आर्डिस म्हणाली. "सगळी नाही."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. पुटपुटणं होतं ते. शेजारच्या माशीलाही ऐकू गेलं नसतं.

"तुला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? माझ्या चांगल्या कानात बोललास."

व्हर्लिनने तिच्या उजव्या कानाकडे पाहिलं. तो त्याच्यासमोर होता. मग तो स्वतः चाकामागे असतो तेव्हा कुठला कान त्याच्याकडे असतो, हे त्याने मनात फिरवून पाहिलं. पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. दोन हिवाळे त्याने इंजिनाचा आवाज पुढून किती आणि मागून किती, याचा विचार केला होता, लायलने केला होता, एमिलने केला होता, सबंध सोसायटीने केला होता.

"मघाशी मी तुला काहीतरी विचारलं," तो म्हणाला. "त्या आवाराच्या पुढे."

"हो का? तुझा जबडा हलताना दिसला. मला वाटलं, सूर्यफुलाच्या बिया चघळतोयस. पिकअपमध्ये नेहमी चघळतोस तशा."

"पिकअपमध्ये मी बिया चघळत नव्हतो, आर्डिस. निदान दर वेळी नाही."

आर्डिसने चाक घट्ट धरलं. व्हर्लिनला फार वाईट वाटलं, आपल्याबद्दल नव्हे, तिच्याबद्दल, त्या सगळ्या रस्त्यांवर शेजारी बसून काचेतून बाहेर बघत राहिलेल्या तिच्याबद्दल.

"काय विचारलं होतंस?" तिने विचारलं.

त्याने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा ते सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, तसं झालं नाही.

"जोलीनला सोमवारी सांगते," आर्डिस म्हणाली. "पण गाडी मी चालवणार. इकडून तिकडपर्यंत. तू तिथे बसायचं."

"लोक काय म्हणतील?"

"तुझी अब्रू तर मघाशीच गेली. आता कशाला भितोस?"

व्हर्लिनने मांडीवरची टोपी उचलून समोरच्या काचेपाशी ठेवली. मग त्याने तिला एमिलची गोष्ट सांगितली, आणि आपण निरीक्षकापुढे खोटं बोललो तेही. आर्डिस हसली. मग जोलीनच्या आईच्या फुलांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती हसली नाही, आणि तो म्हणाला की ती फुलं खरंच सुरेख होती, त्याला उपटवताना कसंतरीच झालं होतं. मग एकदा चरात सापडलेल्या हरणाच्या पाडसाची सांगितली. ती त्याने पूर्वीही सांगितली होती, पिकअपमध्ये, काचेला. बोलता बोलता समोर गावाची पाणटाकी दिसू लागली, ती जवळ आली आणि बाजूने मागे सरकली.

"आर्डिस, आपलं वळण गेलं," व्हर्लिन म्हणाला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "पुढे बोल."